रिकामी खोली मोजायची कशी?

आज पाऊस असूनही दहिसरच्या दोन्ही बाजूंनी, पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून, लोक आलेत. पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्या मात्र रिकाम्या आहेत. आजच्या विषयाला त्या उपयोगीच पडतील.

विषय ऐकून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाचा माणूस हॉटेलच्या खोल्या कशाला मोजतोय? आधी शब्दाचा घोळ काढून टाकू. मराठीत हॉटेल म्हटलं की आपल्याला मिसळ आणि कटिंग चहा आठवतो. राहायला जातो ते लॉजवर. मी आज हॉटेल म्हणेन तेव्हा राहण्याची जागा समजा. आणि त्या धंद्यातला सगळ्यात जास्त बोलला जाणारा शब्द म्हणजे ऑक्युपन्सी. शंभर खोल्यांपैकी किती भरल्या, एवढंच. चौथीतल्या मुलाचं गणित आहे. पण या चौथीच्या गणितात मी स्वतः एकदा सपशेल नापास झालोय. ते नंतर सांगतो.

मुक्कामाला आलेल्यांची मोजणी धंद्यासाठी सुरू झाली नाही, ती पहाऱ्यासाठी सुरू झाली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या कारभाराचं प्रकरण आहे. तिथे धर्मशाळा सांभाळणाऱ्यावर बंधन घातलंय की परक्या पंथाचे लोक, वाटसरू आले तर आधी अधिकाऱ्याला कळवायचं आणि मगच त्यांना राहू द्यायचं. इंग्रजांनी 1867 साली सराई कायदा केला, त्यातही तीच दृष्टी. सराईची नोंदणी करा, दंडाधिकाऱ्याने मागितलं तर कोण येऊन राहिलं त्याचा अहवाल द्या, संसर्गाचा रोगी आढळला तर पोलीस ठाण्याला कळवा. म्हणजे आजही लॉजवर गेलो की आधार कार्डाची झेरॉक्स मागतात ना, ती चाल फार जुनी आहे. त्या वहीत माणसं मोजली जात. किती जागा रिकाम्या राहिल्या याच्याशी सरकारला काही देणंघेणं नव्हतं.

रिकाम्या जागेची काळजी मालकाला. आणि तीही तो पैसे गुंतवतो तेव्हापासून. धर्मशाळेतली खोली रिकामी राहिली म्हणून दात्याची झोप उडत नाही. मुंबईत काळा घोड्याजवळ वॉटसनचं हॉटेल उभं राहिलं, 1860 च्या दशकाच्या शेवटी. ओतीव लोखंडाचा सांगाडा विलायतेहून आणलेला, सुमारे 130 खोल्या. याच इमारतीत 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंचा सिनेमा दाखवला गेला, म्हणून आपल्याला ती माहीत. इतकं लोखंड बोटीतून आणल्यावर रोज रात्री किती खोल्यांत दिवे लागले हे बघावंच लागतं.

मग ताज. 16 डिसेंबर 1903 ला ते उघडलं आणि पहिल्या दिवशी 17 पाहुणे होते, असं सगळीकडे सांगतात. आता मला सांगा, ऑक्युपन्सी किती टक्के? कोणी सांगेल? (हशा) सांगताच येणार नाही. एक तर 17 ही माणसं आहेत, खोल्या नव्हेत. नवरा-बायको एका खोलीत राहिली तर खोली एक, माणसं दोन. आणि दुसरं, भागायचं कशाने? बांधलेल्या खोल्यांनी, की त्या रात्री पलंग लावून तयार असलेल्या खोल्यांनी? आपण नेहमी अंशाकडे बघतो. लबाडी असते ती बहुधा छेदात.

पहिल्या महायुद्धात याच ताजमध्ये 600 खाटांचं इस्पितळ झालं. मोजायचं एकक खोलीवरून खाटेवर आलं. इमारत तीच, भिंती त्याच.

साहेबाचं हॉटेल सोडा. आपल्या लोकांची मुक्कामाची जागा बघा. धोबी तलाव, डाबूल भागात गोवेकरांचे कूड होते, काही अजून आहेत. एकेका गावाचा एकेक कूड. बोटीवर काम करणारा खलाशी दोन सफरींच्या मधे तिथे उतरायचा. त्याची जागा म्हणजे त्याची पेटी आणि गुंडाळलेली वळकटी. तो आठ-दहा महिने समुद्रावर असला तरी पेटी कूडातच. आता ही जागा भरलेली म्हणायची की रिकामी? गिरणगावात याच्या उलट. आपल्या कोकणातल्या मंडळींची गावकीची खोली. दिवसपाळीवाला कामाला गेला की रातपाळीवाला येऊन त्याच जागी आडवा होणार. हॉटेलच्या हिशेबाने त्या जागेची ऑक्युपन्सी 200 टक्के! एकीकडे माणूस नाही पण जागा त्याची. दुसरीकडे जागा एक आणि धनी दोन.

इथे मला आपल्या नैयायिकांची आठवण येते. फार खोलात नेत नाही, घाबरू नका. त्यांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला. "जमिनीवर घट नाही" असं म्हणताना दोन गोष्टी सांगाव्या लागतात. कुठे नाही, आणि काय नाही. जे नाही त्याला ते प्रतियोगी म्हणतात. प्रतियोगी सांगितल्याशिवाय नुसतं "नाही" म्हणता येत नाही. म्हणजे "खोली रिकामी आहे" असं कोणी म्हटलं की मी विचारणार, रिकामी कशाने? माणसाने, भाडेकरूने, की पैशाने?

हा प्रश्न पुस्तकी नाही, याचा मुंबईतला पुरावा वरळीला उभा आहे. 1920 साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात विकास खातं स्थापन झालं, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. कामगारांसाठी 50 हजार खोल्या बांधायचा बेत. त्यासाठी कापसाच्या गाठीमागे रुपया कर. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून 207 चाळी झाल्या. तळमजला अधिक तीन मजले, चाळीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. म्हणजे सुमारे साडेसोळा हजार खोल्या. त्या काळात मुंबईचा कामगार एका खोलीत आठ-आठ, दहा-दहा जण राहत होता. तेव्हा या खोल्या चुटकीसरशी भरायला हव्या होत्या. पण भरल्या नाहीत! हजारो खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या पडल्या, वरळीला तर फारच. भाडं परवडत नव्हतं, गिरणी लांब, आजूबाजूला बाजार नाही, सोय नाही. सरकारने भाडी उतरवली तरी तूट भरून निघेना.

शहरात माणसं होती, निवाऱ्याची गरज होती, खोल्या होत्या. नव्हता तो "इतकं भाडं देऊ शकणारा भाडेकरू". प्रतियोगी तो होता. अहवालात मात्र आकडा दिसतो फक्त रिकाम्या खोल्यांचा, आणि वाचणाऱ्याला वाटतं की मुंबईला घरांची गरजच नव्हती की काय.

याच्यापुढची गोष्ट आणखी विलक्षण. 1930 साली सविनय कायदेभंग सुरू झाला, तुरुंग पुरेनात. तेव्हा वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. या चाळी मुळात तुरुंग म्हणूनच बांधल्या असं आजही काही जण सांगतात, तो समज चुकीचा. पण तो कुठून आला ते कळलं ना? भाड्याने ज्या खोल्या भरल्या नाहीत त्या सत्याग्रहींनी भरल्या. नुसती टक्केवारी काढाल तर तेवढ्या खोल्यांची ऑक्युपन्सी सुधारली म्हणावं लागेल.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. 2018 च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत 2011 च्या जनगणनेचा आकडा दिलाय, मुंबईत सुमारे 4 लाख 80 हजार घरं रिकामी. ज्या शहरात झोपडपट्ट्यांत लाखो माणसं राहतात त्या शहरात. ती कोणाच्या अभावाने रिकामी आहेत, हे तुम्ही मला सांगा.

बरं, आता हिशेब. आणि माझी नापास झाल्याची गोष्टही.

1995 च्या सुमारास माझा एक जुना विद्यार्थी माझ्याकडे आला. वडिलांची थोडी जमीन होती, आपल्या चेकनाक्याच्या पलीकडे, महामार्गालगत. तेव्हा जकात नाका होता. ट्रक तासन्‌तास उभे राहायचे, व्यापारी, दलाल, वाहतूकवाले, सगळ्यांची वर्दळ. त्याने 20 खोल्यांचं लॉज काढायचं ठरवलं. कर्जासाठी एका सल्लागाराकडून प्रकल्प अहवाल करून घेतला होता. मला म्हणाला, "सर, तुम्ही तर्कशास्त्र शिकवलंत, एकदा नजर घाला." मी घातली. अहवालात लिहिलं होतं, आसपासच्या लॉजमध्ये शनिवार-रविवार 90 टक्के खोल्या जातात, इतर दिवशी 50 टक्के. सरासरी 70. मी म्हटलं, ठीक आहे.

कळलं का काय चुकलं? नव्वद आणि पन्नास मिळवून भागिले दोन, 70. पण आठवड्यात दोन दिवस 90 आणि पाच दिवस 50. म्हणजे 180 अधिक 250, 430. भागिले सात. साडेएकसष्टसुद्धा नाही, 61.4. वीस खोल्या गुणिले 365, वर्षाला 7300 रात्री. सत्तर टक्क्यांनी 5110 रात्री विकल्या जायला हव्यात, 61.4 ने साधारण 4484. फरक सव्वासहाशे रात्रींचा. तेव्हाचा दर 250 रुपये धरा. दीड लाखाच्या वर पैसा, जो कधी येणारच नव्हता, तो कर्जाच्या हप्त्यात आधीच मांडून ठेवला होता. सल्लागार चुकला म्हणून मी सुटत नाही. मी आयुष्यभर तर्कदोष शिकवले आणि हा दोष माझ्या डोळ्यांसमोरून गेला.

सहा-सात महिन्यांत हप्ते थकायला लागले. मी रविवारी तिथे जाऊन बसायचो, त्याच्याबरोबर रजिस्टर तपासायचो. तिथे मला खरं शिक्षण मिळालं. जून महिना घ्या. वीस खोल्या, तीस दिवस, 600 रात्री. विकल्या गेल्या 372. बासष्ट टक्के. पण दोन खोल्या महिनाभर गळत होत्या. मॅनेजर म्हणाला, त्या वजा करा. छेद झाला 540, टक्केवारी जवळजवळ 69. शिवाय 54 वेळा ड्रायव्हर लोक दिवसा चार तास अंघोळ आणि झोपेसाठी आले होते. तेही धरा. अंश 426, भागिले 540, झाली 79. रजिस्टर एकच. कोणीही खोटं लिहिलेलं नाही. बँकेला 79 सांगायची, मालकाने मनात 62 ठेवायची.

हा घोळ जगभर होता. न्यूयॉर्कच्या हॉटेलवाल्यांच्या संघाने 1926 साली हिशेबाची एकसारखी पद्धत छापली ती काही उगाच नाही. मोठ्या हॉटेलांत आज साधारण शिस्त अशी, की तात्पुरती नादुरुस्त खोली छेदातून काढायची नाही. गळती ही तुमची अडचण, गणिताची नव्हे. लॉजवाले मात्र आपापल्या सोयीने चालतात. कुठे बाराला चेक-आऊट, कुठे 24 तास. रात्र म्हणजे नेमकं किती, यावरच एकमत नाही.

दुसरं, भरलेपणाचा मोह. माझ्या विद्यार्थ्याने दर 250 वरून 200 केला. पुढच्या एका तीस दिवसांच्या महिन्यात 450 रात्री गेल्या, 75 टक्के. आम्ही दोघं खूश. मग बेरीज केली. आधी 372 गुणिले 250, म्हणजे 93 हजार. आता 450 गुणिले 200, म्हणजे 90 हजार. उपलब्ध खोलीमागे रोज 155 रुपये पडत होते ते 150 झाले. वर 78 रात्रींच्या चादरींची धुलाई, साबण आणि गिझरची वीज. लॉज जास्त भरलं आणि गल्ला हलका झाला. म्हणून जाणते लोक आता टक्केवारी एकटी कधी बघत नाहीत, एकूण उपलब्ध खोल्यांमागे किती रुपये आले ते बघतात.

आणि ती न विकलेली रात्र! तांदूळ आज विकला नाही तर उद्या विकता येतो. कालची रात्र आज विकता येत नाही. नैयायिक याला प्रध्वंसाभाव म्हणतील, आधी होतं ते नष्ट झालं. हॉटेलवाला रात्री दहा वाजता दर पाडतो ते यामुळे. त्याला दोष देऊ नका.

1999 ला लॉज विकलं गेलं. कर्ज फिटलं, जमीन गेली. तो माझ्याशी कधी वाईट बोलला नाही, याचाच मला जास्त त्रास झाला. पुढे 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात संपली, नाक्यावरची ती वर्दळही गेली. लॉज टिकलं असतं तरी त्या दिवशी त्याचं गणित पुन्हा बदललंच असतं.

2020 च्या जुलैमध्ये त्याचा फोन आला, बऱ्याच वर्षांनी. त्याच्या आईला खाट हवी होती. आपल्या दहिसर चेकनाक्याजवळ तेव्हा जंबो कोविड केंद्र उभं राहिलं होतं. महापालिका रोज आकडे द्यायची, एकूण खाटा इतक्या, भरलेल्या इतक्या, रिकाम्या इतक्या. मी ते वाचून त्याला म्हटलं, "अरे, खाटा रिकाम्या आहेत की." तो म्हणाला, "सर, कुठल्या? साध्या, ऑक्सिजनच्या की आयसीयूच्या?"

मी चष्मा लावून तक्ता परत वाचला. प्रत्येकीचा रकाना वेगळा होता. ऑक्सिजनच्या ओळीत रिकामी खाट होती. तिला मिळाली. ती अकरा दिवसांनी घरी आली.