पित्याचा कुंचला, कन्येची दृष्टी

राणी मारी आंत्वानेतची चित्रे काढणाऱ्या फ्रेंच चित्रकर्त्री एलिझाबेथ विजे ल ब्रँ (१७५५–१८४२) यांना कलेचे पहिले धडे चित्रकार पित्याकडूनच मिळाले. मुंबईतही असेच घडले. गोमंतकीय व्यक्तिचित्रकार आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांच्या कन्या अँजेला यांचा जन्म १९०९ चा. सर जे. जे. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. पित्याने पाश्चात्य वास्तवशैली निष्ठेने जोपासली. अँजेलाबाईंनी मात्र पुढे ख्रिस्तमातेला साडी नेसवून भारतीय रेषेत रेखाटले. परदेशी मुद्रेच्या मूर्तींना सरावलेल्या भाविकांपुढे त्यांनी आपल्याच घरची माता उभी केली. १९८० मध्ये त्या निवर्तल्या. पितापुत्रीची चित्रे आज पणजीत जतन केलेली आहेत. कुंचला वारशाने मिळतो. दृष्टी ज्याची त्यालाच कमवावी लागते.