नाविक राजपुत्र आल्फ्रेड आणि जंजिऱ्याचा किनारा

प्रस्तावना :
श्रीवर्धनच्या इतिहासाचा विचार प्रामुख्याने पेशवे घराण्याच्या संदर्भात केला जातो. बाळाजी विश्वनाथ यांच्या भट घराण्याकडे येथील देशमुखी होती. परंतु हे गाव दीर्घकाळ जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलाखाली होते आणि सिद्दीची प्रतिष्ठा आरमारावर उभी होती, ही बाबही तितकीच महत्त्वाची आहे. १८७० मध्ये इंग्लंडचा नाविक राजपुत्र आल्फ्रेड मुंबईस आला, त्या सुमारास या किनाऱ्यावरील सत्तेचे स्वरूप कसे पालटले होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

राजपुत्राची नाविक कारकीर्द :
राणी व्हिक्टोरियाचा हा दुसरा पुत्र. जन्म ६ ऑगस्ट १८४४. १८५८ मध्ये प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊन तो वयाच्या चौदाव्या वर्षी ‘युरियालस’ या युद्धनौकेवर दाखल झाला. १८६३ मध्ये लेफ्टनंट आणि अवघ्या तीन वर्षांनी कॅप्टन, या बढतीत घराण्याचा वाटा नाकारता येत नाही. तथापि पुढे १८८६ ते १८८९ या काळात त्याने भूमध्य सागरी आरमाराचे सरसेनापतिपद सांभाळले. म्हणजेच त्याचे नाविकपण केवळ शोभेचे नव्हते.

१८६७ मध्ये तो ‘गॅलेटिया’ नौका घेऊन जगप्रवासास निघाला. मार्च १८६८ मध्ये सिडनीनजीक त्याच्यावर गोळी झाडण्यात आली. त्यातून तो बचावला. डिसेंबर १८६९ मध्ये तो कलकत्त्यास उतरला व पुढे मुंबईस आला. येथे त्याच्या हस्ते खलाशांच्या विश्रामगृहाची कोनशिला बसविण्यात आली. बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी या कार्यास मोठी देणगी दिली. १८७६ मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूत पुढे विधिमंडळ आणि त्यानंतर राज्य पोलीस मुख्यालय आले.

सिद्दीचे दर्यावरील स्थान :
सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्दी मोगलांचे आरमारप्रमुख बनले. त्यांचे राजेपण आणि नाविकपण परस्परांपासून वेगळे नव्हते. आरमार हाच त्यांच्या सत्तेचा पाया होता. याउलट १८७० च्या सुमारास समुद्र पूर्णतः इंग्रजांच्या ताब्यात होता. सिद्दी इब्राहिमखान गादीवर असताना, १८६८ च्या सुमारास, गैरकारभाराच्या कारणावरून जंजिरा संस्थानातील पोलीस व फौजदारी न्यायाचे अधिकार काढून घेऊन पोलिटिकल एजंटाकडे सोपविण्यात आले. तोपर्यंत संस्थानाच्या अंतर्गत कारभारात इंग्रजांचा हस्तक्षेप नव्हता.

या दोन घटनांत कार्यकारणसंबंध आहे असे म्हणणे नाही. त्यांची समकालीनता मात्र अर्थपूर्ण आहे. एका राजपुत्राच्या नाविक पदाला साम्राज्याचे बळ लाभले होते. ज्या घराण्याला आरमाराने राजपद दिले, त्याच्याकडे आता केवळ पद उरले होते.

समारोप :
१८९३ मध्ये आल्फ्रेड जर्मनीतील सॅक्स-कोबर्ग-गोथा या समुद्र नसलेल्या संस्थानाचा ड्यूक झाला आणि ३० जुलै १९०० रोजी तेथेच निधन पावला. जंजिरा संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले व श्रीवर्धन तत्कालीन कुलाबा जिल्ह्याचा भाग बनले. राजपुत्राच्या भेटीचा इतिहास मुंबईतील समारंभांपुरता न पाहता लगतच्या किनाऱ्यावरूनही पाहिला, तर स्वागताच्या थाटामागील सत्तांतर स्पष्ट होते. कोकणच्या स्थानिक इतिहासलेखनाने ही दृष्टी स्वीकारणे आवश्यक आहे.