शाळकरी मुले आणि परवलीचा शब्द

संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर आपली ओळख पटविण्यासाठी जो गुप्त शब्द द्यावा लागतो, त्यास 'पासवर्ड' अथवा परवलीचा शब्द म्हणतात. छावणीच्या पहारेकऱ्यास सांगावयाचा संकेतशब्द, हा त्याचा जुना अर्थ. संगणकावर तो १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आला. तेथे एकच यंत्र अनेक संशोधक वापरीत. प्रत्येकाचे काम वेगळे राहावे म्हणून फर्नांडो कॉर्बातो यांनी ही योजना केली. आज सहावी-सातवीतील मुलाकडेही ईमेल, अभ्यासाचे ॲप, खेळ आणि गप्पा यांसाठी असे चार-पाच शब्द असतात.

२००९ साली 'रॉकयू' या कंपनीकडून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीस गेले. त्यांत सर्वाधिक वेळा आढळला तो '१२३४५६'. आपल्या घरांत मुलाचे नाव व जन्मसाल, वडिलांचा फोन क्रमांक किंवा धर्मग्रामाच्या आश्रयदात्या संताचे नाव वापरले जाते. प्रथम कम्युनियनची तारीखही अनेकांना सोयीची वाटते. पण त्या दिवसाची छायाचित्रे आपणच तारखेसह सर्वांना पाठविलेली असतात, हे ध्यानात राहत नाही.

इंग्रजीतील ८ लहान अक्षरांच्या सुमारे २०,८८२ कोटी रचना होतात. आकडा प्रचंड दिसतो, परंतु चोरलेल्या माहितीवर प्रयोग करणाऱ्या आजच्या यंत्रास तो फार मोठा नाही. म्हणून लांबी महत्त्वाची. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द, उदाहरणार्थ करवंद, जिना, बुधवार, छत्री, रोमन अक्षरांत सलग लिहिले तर मुलाच्या लक्षात राहतात व परक्यास सहज सापडत नाहीत. (येथे छापलेले हेच शब्द मात्र कोणी घेऊ नयेत.) अमेरिकेच्या 'एनआयएसटी' या मानक संस्थेनेही २०१७ साली लांबीवर भर दिला आणि पासवर्ड ठरावीक मुदतीने उगाच बदलायला लावू नये, चोरीची शंका येताच बदलावा, असे सुचविले.

एकच शब्द सर्वत्र वापरू नये. खेळाच्या संकेतस्थळावरून तो फुटला की चोर तोच शब्द ईमेलवर लावून पाहतो. ईमेल हाती आले की इतर खात्यांचे पासवर्ड बदलणे सोपे होते. तेव्हा ईमेलला तरी 'द्विस्तरीय पडताळणी' लावावी. फोनवर येणारा ओटीपी कोणासही सांगू नये. पासवर्ड घरच्या वहीत लिहून कपाटात ठेवण्यास आमची हरकत नाही. दूरदेशीचा चोर आपले कपाट उघडत नाही. आमच्या कार्यालयातील संगणकावर मात्र तो बरीच वर्षे चिठ्ठीवर चिकटविलेला होता, हे कबूल करावयास हवे.

मुलांमध्ये पासवर्ड सांगणे ही मैत्रीची खूण मानली जाते. अबोला झाला की त्याच शब्दाने मैत्रिणीच्या नावे भलतेसलते संदेश जातात. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क नुसार गुन्हा आहे, हे मुलांना ठाऊक नसते. लहान मुलाचा पासवर्ड आईवडिलांस माहीत असावा, मित्रास नव्हे. मूल मोठे होईल तसतसा तो त्याच्या स्वाधीन करावा.

सर्वांत कठीण प्रसंग धमकीचा. कोणी छायाचित्र मिळवून पैसे किंवा आणखी छायाचित्रे मागतो, आणि मूल गप्प बसते. बहुधा त्याला धमकी देणाऱ्याइतकीच घरच्यांच्या रागाची व फोन काढून घेतला जाण्याची भीती असते. पालकहो, अशा वेळी प्रथम ऐकून घ्या. 'तू पाठविलेसच का?' हा प्रश्न त्या दिवशी नको. पैसे देऊ नयेत, संदेश पुसू नयेत, त्यांचे स्क्रीनशॉट ठेवावेत आणि पासवर्ड तत्काळ बदलावा. पैसे गेले असल्यास विनाविलंब १९३० वर कळवावे. बालकांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे. केंद्र शासनाच्या सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांच्या अश्लील चित्रणाविषयीची तक्रार नाव न देताही नोंदविता येते.