कॉटर, टाकणखार आणि कोल्नागो

पुण्यात आमच्या मोठ्या मामांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. संध्याकाळी जुने शर्यतवाले बाकावर जमत. बोर घाटात कोण मागे पडलं, कोणाची चेन तुटली, हे झालं की मामा हटकून मेक्सिकोवर येत. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी बेल्जियमच्या एडी मेर्क्सने तिथल्या ट्रॅकवर एका तासात ४९.४३ किलोमीटर कापून विश्वविक्रम केला. “सायकल किती वजनाची? पावणेसहा किलोची! चेनच्या कड्यांनासुद्धा भोकं पाडली होती रे!”

पण मामांचा खरा जीव मेर्क्सवर नव्हता, त्याची ती सायकल घडवणाऱ्या एर्नेस्तो कोल्नागोवर होता. मिलानजवळच्या काम्बियागोतला हा शेतकऱ्याचा पोर, जन्म १९३२चा. कोवळ्या वयात ग्लोरिया सायकलींच्या कारखान्यात जोडकाम शिकला. शर्यतीत पाय मोडल्यावर १९५४ साली गावातच छोटं दुकान टाकलं. वडिलांनी तुतीचं झाड तोडून त्याला कामाचं टेबल करून दिलं. पुढच्याच वर्षी शर्यतपटू फियोरेंझो मान्यीचा पाय दुखत होता, तर याने क्रँक सरळ बसत नसल्याचं हेरलं आणि कॉटर, म्हणजे क्रँक आसाला घट्ट धरणारी खीळ, नीट केली. त्या वर्षीची ‘जिरो’ ही इटलीची मोठी सायकल शर्यत मान्यीने जिंकली. कॉटरचं नाव निघालं की बाकावरचे सगळे खूश, कारण ती रोज त्यांच्याही हाताखालून जायची.

फ्रेमचं काम मामा हातात तुटका लग, म्हणजे नळ्या जोडणारा पोलादी तुकडा, घेऊन समजावत. शर्यतीच्या फ्रेमची पोलादी नळी टोकाशी ०.९ मिलिमीटर, मध्ये जेमतेम ०.६. टाकणखार लावून सांधा लालभडक करायचा आणि पितळेची काडी टेकवायची. धग बरोबर असेल तर पितळ आपोआप लगच्या आत ओढलं जातं. धग कमी पडली तर सांधा पोकळ, जास्त झाली तर नळी कमजोर. हे सगळं नजरेने ओळखायचं. मग कानशीने लगच्या कडा पातळ करत तासन् तास. हे कसब मला मेर्क्सच्या पायांइतकंच मोठं वाटतं.

विक्रमाच्या दिवशी मेर्क्सच्या फ्रेमवर नाव मात्र ‘विंडसर’ या मेक्सिकन कंपनीचं होतं. हे सांगताना मामांचा आवाज चढायचा, आणि ते योग्यच होतं. ती सायकल आता ब्रसेल्सच्या एडी मेर्क्स मेट्रो स्टेशनात काचेआड ठेवली आहे. कधी तिकडे गेलात तर तिचे सांधे जवळून बघा, आणि सोबतच्यांना कोल्नागोचं नाव सांगा.