एकोणीस इंचांतला इतिहास

रिकाम्या घरात टाळी वाजवली की भिंती ती किंचित उशिरा परत देतात. त्या उशिरावरून खोली केवढी आहे, हे डोळे मिटूनही कळते. ध्वनिमुद्रणाच्या बंदिस्त खोलीत मात्र भिंती मुक्या केलेल्या असतात, म्हणून तिथला आवाज कोरडा वाटतो. त्याला अवकाश देण्याचे काम यंत्रांकडे आले. १९५७ मध्ये जर्मनीत आलेल्या ‘ईएमटी १४०’ या यंत्रात सुमारे दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद पोलादी पत्रा ताणून बसवलेला असे. तो थरथरला की मोठ्या दालनाचा भास होई. यंत्राचे वजन पाव टनाहून अधिक.

१९७० च्या दशकात हे काम हातभर रुंदीच्या पेट्यांत आले. या पेट्या ज्या लोखंडी चौकटीत बसत ती टेलिफोन केंद्रांकडून आलेली. रुंदी एकोणीस इंच, उंची पावणेदोन इंचांच्या पटीत. हे माप ठरलेले असल्याने न्यूयॉर्कची पेटी लंडनच्या चौकटीत बिनतक्रार बसते. ती तिथे जशीच्या तशी वाजेल का, हा प्रश्न वेगळा.

न्यूयॉर्कच्या इव्हेंटाइड कंपनीचा ‘एच९१० हार्मोनायझर’ १९७५ मध्ये बाजारात आला. अभियंता टोनी ॲग्नेलो. या पेटीत आवाजाचे आकडे होतात, ते स्मृतीत लिहिले जातात आणि वेगळ्या गतीने वाचले जातात. लिहिण्यापेक्षा वाचणे जलद झाले की स्वर चढतो, संथ झाले की उतरतो. पण वाचणारा लिहिणाऱ्याला गाठतो, तेव्हा त्याला उडी मारावी लागते आणि त्या उडीला बारीक खटका ऐकू येतो. १९७७ च्या ‘एच९४९’ मध्ये कंपनीने तो कमी करण्याची सोय केली. तोवर पहिल्या पेटीने आपले काम करून ठेवले होते. निर्माता टोनी व्हिस्कोंटी याने डेव्हिड बोवीच्या १९७७ च्या ‘लो’ या संग्रहात ढोलाचा आवाज याच पेटीतून काढला. आघातानंतर खाली कोसळत जाणारा तो नाद पुढे अनेकांनी शोधत राहावा, असा ठरला.

आता अशी पेटी पन्नाशीला आली आहे. दुरुस्ती करणारा ती थेट विजेला जोडत नाही. आधी मागचा व्होल्टेजचा खटका पाहायचा, कारण अमेरिकेतील १२० व्होल्टची पेटी आपल्याकडच्या २३० व्होल्टवर लावली तर धूरच निघेल. मग पॉवर सप्लाय बाकी मंडळापासून सोडवून स्वतंत्रपणे मोजायचा. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून सुकलेले असतात आणि आवाजात गुणगुण येते. त्या काळच्या अनेक यंत्रांत ‘४११६’ ही स्मृतीची चिप असे. तिला तीन व्होल्टेज लागतात. उणे पाच व्होल्ट गायब असताना अधिक बारा व्होल्ट मिळाले तर ती जळू शकते. आज्ञावली ज्या ईप्रॉम चिपमध्ये असते, तिच्या काचेच्या खिडकीवरचा कागद निघाला तर उजेडानेही मजकूर हळूहळू पुसला जातो. म्हणून जाणता कारागीर इतर कशालाही हात लावण्याआधी त्या चिपची नक्कल काढून ठेवतो. शेवटी ठरावीक पातळीचा १००० हर्ट्झचा स्वर आत सोडून बाहेर काय येते ते मोजायचे.

इथपर्यंत सारे मापाचे काम. पुढे निवड करावी लागते, आणि माझ्या मते तिथे दुरुस्तीचे इतिहासलेखन होते. जुन्या पोथ्यांचे संपादक पाठचिकित्सा करतात, म्हणजे लहियाची चूक कोणती आणि कवीचाच जुना प्रयोग कोणता, हे ठरवतात. इथेही तेच आहे. सुकलेल्या कपॅसिटरची गुणगुण ही काळाची भर, ती काढावी. पण एच९१० चे मुख्य घड्याळ स्फटिकावर चालत नव्हते. ते कॉइल आणि कपॅसिटरच्या मंडळावर चालत होते, त्यामुळे ते थोडे भरकटायचे. कुणी सुधारणा म्हणून तिथे स्फटिक बसवला तर पेटी अचूक होईल आणि ‘लो’मधला तो नाद समजून घेण्याचा पुरावा हरवेल. खटक्याचेही तसेच. तो दोष मूळ लेखकाच्या हातचा आहे.

कंपनीने याच पेटीची संगणकावर चालणारी आवृत्ती पुढे काढली. रोजच्या कामाला ती पुरते. तरी ती मूळ पेटीशी ताडून पाहायची, तर एक तरी मूळ पेटी चालू हवी आणि ती किती मूळ उरली आहे हेही माहीत हवे. आज धोका मोडण्याइतकाच बेमालूम दुरुस्तीचाही आहे. तीन जणांनी हात लावलेल्या पेटीत पहिल्या निर्मात्याचे किती उरले, हे झाकण उघडूनही सांगता येत नाही.

यावर उपाय साधा आणि जवळजवळ बिनखर्चाचा आहे. बदललेला प्रत्येक भाग, तारीख, आधीचे आणि नंतरचे व्होल्टेज कागदावर लिहून झाकणाच्या आत चिकटवावे. काढलेले जुने भाग पाकिटात घालून पेटीबरोबर द्यावेत. पुढच्या कारागिराला त्यामुळे निर्मात्याचा हात आणि आपला हात वेगळा ओळखता येईल.