भरल्या अळंब्यांची जन्मकथा

भरली वांगी, भरली कारली, भरल्या मिरच्या हे प्रकार आपल्या घरोघरी होतात. आज मी बोलणार आहे तो पदार्थ त्यांच्याच जातीचा, पण दूरदेशचा. युरोप-अमेरिकेत नाताळच्या दिवसांत घरी पाहुणे जमले, म्हणजे मुख्य जेवणाआधी तोंडात टाकायला काहीतरी चटकमटक फिरवतात. त्या तबकात भरली अळंबी पुष्कळदा असतात. अळंब्याचे देठ काढून टोपी उलटी केली की तिची आपोआप वाटी होते. त्या वाटीत सारण भरायचे आणि भट्टीत भाजायचे. एका घासाचा मामला! पण हा घास पाहुण्यांच्या हाती पडण्यापूर्वी इतिहासाला बरीच वाट चालावी लागली.

पहिला प्रश्न असा, की ऐन डिसेंबरात अळंबी येतात कुठून? रानातली बहुतेक अळंबी तिकडे शरद ऋतूत उगवतात. बर्फ पडू लागले की रान रिकामे होते. आणि दुसरा प्रश्न याहून मोठा: पाहुण्याने ती निर्धास्तपणे तोंडात घालावी कशी? अळंब्याची भीती काही आपल्याकडचीच नाही. इ. स. 54 मध्ये रोमचा बादशहा क्लॉडिअस मरण पावला, तेव्हा राणी अग्रिपिनाने अळंब्यांतून विष घातल्याची बोलवा उठली आणि ती इतिहासकारांनी नोंदवूनही ठेवली. बोलवा खरी असो वा खोटी, लोकांना ती पटली हे महत्त्वाचे. युरोपच्या रानात एक फिकट हिरवट टोपीचे अळंबे येते. त्याचे विष शिजवून जात नाही, आणि खाल्ल्यावर कित्येक तास काही जाणवतही नाही. जाणवते तेव्हा यकृताला इजा होऊ लागलेली असते. अशा वस्तूची मेजवानी कोण देणार?

ही भीती घालवली ती माळ्यांनी. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये घोड्याच्या लिदीच्या वाफ्यांवर अळंबी पिकवू लागले. व्हर्साय येथे चौदाव्या लुईच्या भाजीबागेचा प्रमुख ला कँतिनी हा राजाच्या पंगतीसाठी ती लावीत असे. 1707 साली वनस्पतिशास्त्रज्ञ तुर्नफोर याने ही लागवडीची रीत पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे सविस्तर मांडली. आता अळंबे रानातून वेचून आणायचे नव्हते. कोणते लावले आणि कोणते उगवले हे माळ्याला ठाऊक होते.

पण उघड्यावरच्या वाफ्याला ऊन, पाऊस, थंडी यांचा जाच होताच. यावर तोड निघाली ती जमिनीखाली. पॅरिसच्या इमारतींसाठी शतकानुशतके दगड काढून काढून शहराखाली खाणींचे बोगदे पडले होते. 1810 च्या सुमारास शांब्री नावाच्या माळ्याने अशा सोडून दिलेल्या खाणीत लागवड सुरू केली असे सांगतात. आत अंधार, ओल आणि बारमाही 14 अंशांच्या आसपास तपमान. अळंब्याला याहून काय हवे? त्याला सूर्यप्रकाशाची गरज नाही. हिरव्या झाडांप्रमाणे ते उन्हातून अन्न तयार करीत नाही, कुजत्या पदार्थातून घेते.

त्या काळचे पॅरिस घोड्यांवर चालणारे शहर होते. तबेल्यांतून निघणारी लीद खाणींत जाई, कुजून तिचे खत होई आणि तिच्यात अळंब्याच्या पांढऱ्या तंतूंचे 'बी' मिसळीत. माणसे दिव्याच्या उजेडात वाकून वाफे घालीत, वर मातीचा पातळ थर देत आणि एकेक अळंबे हाताने खुडीत. वर श्रीमंतांच्या दिवाणखान्यात झुंबरे लखलखत होती, आणि तिथल्या तबकातला जिन्नस खालच्या काळोखात पिकत होता. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चर संस्थेत शुद्ध बी तयार करण्याची रीत निघाली आणि पीक अधिक भरवशाचे झाले. 1900 साली पॅरिसची भुयारी रेल्वे सुरू झाली, शहर वाढत गेले, आणि ही शेती हळूहळू उपनगरांकडे व ल्वार नदीकाठच्या गुहांकडे सरकली. नाव मात्र 'पॅरिसचे अळंबे' हेच राहिले.

अमेरिकेत तिचे बस्तान बसले पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या केनेट स्क्वेअर या गावी. तिथे विल्यम स्वेन हा फुलांचा व्यापारी काचघरात कार्नेशनची फुले वाढवी. मांडणीखालची जागा फुकट जाते, हे त्याला खटकले. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने तिथे अळंबी लावून पाहिली. पुढे इटलीतून आलेल्या कष्टकऱ्यांनी हा धंदा वाढवला. आज तिथे खुडणीचे काम मुख्यतः मेक्सिकोहून आलेली माणसे करतात. 1926 साली याच राज्यातल्या एका शेतावर नेहमीच्या तपकिरी पिकात एक पांढराशुभ्र झुबका उगवला. मालकाने तो जपला. बाजारातली पांढरी 'बटणे' त्याच वंशाची. एकसारखी, एकाच मापाची, बारमाही मिळणारी टोपी आता हाताशी आली आणि मेजवानीला वाटी मिळाली.

आता सारणाकडे वळू. सतराव्या शतकात ला व्हारेन हा नामांकित आचारी द्युक्सेल नावाच्या सरदाराच्या पदरी होता. त्याचा पाकशास्त्रावरचा ग्रंथ 1651 साली निघाला. अळंबी अगदी बारीक चिरून, कांद्याबरोबर लोण्यात पाणी आटेपर्यंत परतायची, या सारणाला फ्रेंच लोक अजून 'द्युक्सेल' म्हणतात. इटालियन घरांत लोण्याऐवजी ऑलिव्हचे तेल, लसूण आणि शिळ्या पावाचा चुरा आला. गरिबाघरची काटकसर ती! देठ वाया जात नाही, पावही वाया जात नाही.

नाताळशी या पदार्थाचे नाते एका उपासाने जोडले, असे मला वाटते. कॅथलिक पंथात नाताळच्या आदल्या दिवशी मांस वर्ज्य असे. 1966 साली पोपने उपासाचे नियम सैल केले, तरी पोलंडमध्ये त्या रात्रीचे जेवण अजून बिनमांसाचे असते आणि वाळवलेल्या अळंब्यांना त्यात मान असतो. मासळी चालते, हे मात्र लक्षात ठेवावे. कटाक्षाने शाकाहारी असणाऱ्यांनी पश्चिमेत 1847 साली इंग्लंडमध्ये आपली संस्था स्थापन केली.

यावर आपल्यातले कुणी विचारतील, अहो, अळंबे शाकाहारी तरी आहे का? प्रश्न जुना आहे. मनुस्मृतीने लसूण-कांद्याच्या जोडीला अळंबेही द्विजांना वर्ज्य सांगितले, आणि घाणीत उपजलेल्या वस्तूही त्याच यादीत घातल्या. विज्ञानाने 1969 सालापासून बुरशीवर्गाला वनस्पतींहून वेगळी, स्वतंत्र सृष्टी मानले आहे. हा वर्ग प्राण्यांतही मोडत नाही. राहिली लीद. खत कुजताना इतके तापते, आणि नंतर त्याला वाफही देतात, की पिकाला अपाय करणारे किडे-जंतू मरतात. आपल्याकडे हिमाचल प्रदेशात सोलन येथे 1961 पासून या लागवडीचे शास्त्रशुद्ध प्रयत्न झाले, आणि आज शहरांत बटण अळंबी सहज मिळतात. ज्याला चालते त्याने खावे, ज्याला चालत नाही त्याला आग्रह करू नये.

करून पाहायचे असेल तर दोन गोष्टी सांभाळा. अळंब्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. म्हणून टोप्या आधी पालथ्या घालून थोड्या भाजाव्यात, पाणी निथळू द्यावे, मगच सारण भरावे. नाहीतर वाटीत रस्साच होतो. आणि इटलीचे पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रसाने विरजलेले असते. शाकाहारी पंगतीत ते घालू नये. आपले लिंबू पिळून केलेले पनीर कुस्करून, मिरी घालून छान लागते.

आणि रानातली छत्री मात्र जाणकाराखेरीज कुणी तोडू नये. खाणींतल्या काळोखात कित्येक पिढ्यांनी पाठी वाकवल्या, त्यातून हा निर्धास्त घास आपल्याला मिळाला. हौसेपायी तो निर्धास्तपणा घालवण्यात काय हशील?