सिद्दी बायांची कवंडी

दख्खनच्या इतिहासात हबशी माणूस आपल्याला भेटतो तो बहुधा घोड्यावर बसलेला. मलिक अंबर आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असतो. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून हातोहात विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कारभार एकहाती पेलणारा हा वजीर. 1610 मध्ये त्याने वसवलेली खडकी पुढे औरंगाबाद झाली, आज ती छत्रपती संभाजीनगर आहे. त्याची नहर आणि त्याची जमीन महसुलाची पद्धत यांवर अभ्यासकांनी भरपूर लिहिले आहे. 1626 मध्ये तो वारला, तरी हबश्यांचे नाव दख्खनच्या राजकारणातून पुसले गेले नाही. जंजिऱ्याचे सिद्दी संस्थान तर 1948 पर्यंत टिकले.

पण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेल्या गलबतांत सगळेच काही भावी वजीर नव्हते. ज्यांच्या हाती तलवार आली नाही, पाण्याची घागर, झाडू किंवा मालकाचे मूल आले, त्या माणसांचा आणि विशेषतः बायकांचा इतिहास कुठे शोधायचा? आपण मुसलमान लेखकही इतिहास लिहायला बसलो की सुलतान, वजीर आणि सूफी यांच्यापाशीच रेंगाळतो. आपल्या घरातल्या बायकांनी काय केले, काय घडवले, हे लिहायला आपल्याला कागदपत्र सापडत नाही म्हणे. कागदपत्र नसेल, पण कापड आहे.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत जंगलाच्या कडेने सिद्दींची वस्ती आहे. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि त्यानंतर मोझांबिककडून गुलाम आणून ते गोव्यात विकले. पोर्तुगीज साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली ती 1869 मध्ये. या साडेतीनशे वर्षांत ज्यांना संधी मिळाली ते पळाले आणि घाट चढून या जंगलांत शिरले. विजापूरच्या आदिलशाहीतही हबशी सरदार आणि शिपाई होते. ती सत्ता गेल्यावर त्यांच्यातलेही काही इकडे आले असावेत. आज या सिद्दींत मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदू आहेत. घरात ते मराठी-कन्नडची भर पडलेली कोकणी बोलतात, मुसलमान सिद्दी उर्दूही बोलतात. आफ्रिकेतली मूळ भाषा मागेच राहिली. देवधर्म तीन झाले. तिन्ही धर्मांच्या घरांत सापडते ती मात्र एक गोष्ट: कवंडी.

कवंडी म्हणजे आपली गोधडी, वाकळ. कन्नड मुलखात तिला कौदी म्हणतात. घरातले जुनेर, फाटलेले सदरे, परकर, पोरांचे कपडे फाडून त्यांचे तुकडे करायचे. खाली बहुधा जुनी सुती साडी अंथरायची. मग एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने तुकडे लावत, धावदोरा घालत, गोल फिरत आत आत यायचे. शेवटचा तुकडा मध्यावर बसला की कवंडी पुरी झाली. आराखडा कागदावर नसतो. कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग, हे बाई हातात तुकडा घेतल्यावर ठरवते. टाका जवळ जवळ आणि घट्ट हवा, नाहीतर शेजारणी नाव ठेवतात. पाच-सहा जणांचे कुटुंब एका कवंडीखाली झोपायचे असेल तर ती टिकलीच पाहिजे.

इथपर्यंत सगळी गरज झाली. पण चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून केलेले तिकोनी तुकडे असतात, त्यांना 'फुला' म्हणतात. त्यांनी ऊब तसूभरही वाढत नाही. तरीही फुलांवाचून कवंडी उघडी-नागडी दिसते, असे या बायका म्हणतात. मोठ्या ठिगळांवर बारीक रंगीत चौकोन बसवतात, त्या 'टिकेली'. बाळाच्या कवंडीवर त्यांची रेलचेल असते. मुसलमान घरात एखादी बाई चंद्रकोर शिवते, ख्रिस्ती घरात क्रूस. फूल काय आणि टिकली काय, हे शब्द आपल्याला परके नाहीत.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे कला-इतिहासकार हेन्री ड्र्यूअल हे पश्चिम आफ्रिकेच्या कलेचे अभ्यासक. त्यांनी या कवंड्यांचा अभ्यास केला आणि बायकांच्या सहकारी गटाला साथ दिली. 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या शोम्बर्ग केंद्रात कवंड्यांचे प्रदर्शन भरले. त्याच संस्थेने दोन वर्षांनी भारतातील आफ्रिकी सेनापती आणि राज्यकर्ते यांच्यावर वेगळे प्रदर्शन मांडले. म्हणजे एकदा तरी चिंध्यांचा नंबर वजिरांच्या आधी लागला!

कवंडीचे रंग पाहून अनेकांना आफ्रिका आठवते. तिथून काय आले आणि इथे काय शिकले, याचा हिशेब काढणे मला अवघड वाटते. कारण ठिगळांची गोधडी दख्खनमध्ये सर्व जातींच्या बायका शिवत आल्या आहेत. मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्यांच्याकडून नाव, भाषा, मुलूख सगळे हिसकावले गेले, त्यांनी इथल्या बायकांचे काम उचलले आणि त्यात आपली चाल बसवली. ते जतन केले म्हणा की नव्याने घडवले म्हणा, केले त्यांनीच.

2003 मध्ये या जिल्ह्यातील सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. 2020 मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर नेमले गेले; सभागृहात पोचलेले ते या समाजातले पहिले. कवंडीही गाव सोडून शहरी घरांच्या भिंतींवर गेली. चार पैसे बाईच्या हाती येतात, हे चांगलेच. मात्र एक गोष्ट खटकते. भिंतीवरच्या कवंडीत हा तुकडा कुणाच्या सदऱ्याचा, तो कुणाच्या लग्नातल्या साडीचा, हे विकत घेणाऱ्याला कळत नाही. घरात ते सगळ्यांना पाठ असते. अंथरुणावर पडल्या पडल्या पोरे बोट ठेवून विचारतात आणि आजी सांगते. तिचा तो दफ्तरखानाच असतो.

आमच्या नानीची गोधडी अजून आमच्या घरी आहे. नानी कधी शाळेत गेली नाही. दस्तावर अंगठा उठवायची. गोधडीचा टाका मात्र पट्टीने आखल्यासारखा. मधले निळे ठिगळ नानाच्या लुंगीचे, एवढे अम्मीने सांगितले होते. त्याच्या शेजारचे पिवळे, बारीक बुट्ट्यांचे, कुणाचे होते हे विचारायचे राहून गेले.